कैनाडची भिंत

आमच्या बायकोसमोर ‘सगळे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. तलासरीच्या बाजारात भाजीवाला म्हणाला, “मावशी, सगळी वांगी ताजी आहेत,” की ती त्याला टोपली खाली उतरवायला लावायची. “सगळी म्हणजे कोणती? ही मऊ पडलेली पण त्यात धरली का?” दवाखान्यात एकदा नर्सबाई बोलून गेली, “तुम्ही गाववाले सगळे उशिराच येता.” ही तापाने फणफणलेली, तरी बाकावरून उठली. “मी पहिल्या नंबरला आलेय. मला चांदणी लावू नका.” नर्सबाईला काही कळलं नाही. मला कळलं, आणि भर दवाखान्यात हसू आलं.

चांदणी म्हणजे काय ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, तिने मला सांगितलं तसंच सांगणार. जुन्या कंपुटरात चित्रं नसायची, माऊस नसायचा. काळा पडदा, आणि त्यावर हुकूम टाइप करायचा. एक फाईल हवी तर तिचं पूर्ण नाव लिहायचं. नावाच्या जागी चांदणीचं चिन्ह टाकलं की तो सगळ्या फायली धरतो. एस लिहून पुढे चांदणी टाकली की एसपासून सुरू होणाऱ्या सगळ्या हजर. प्रश्नचिन्हही चालतं, पण ते एका अक्षराचीच जागा मोकळी सोडतं. ती म्हणायची, “प्रश्नचिन्ह गरीब आहे हो, एका अक्षरापुरतं मागतं. चांदणी राक्षसीण. हात धुऊन बसते नि अख्खी पंगत खाते.”

हे सगळं ती डहाणूच्या एका कंपुटर क्लासात शिकली. गेली होती झाडलोट करायला. मग फी घेऊ लागली, मग मशीनं चालू-बंद करू लागली. बाजारात तिला कंपुटरवाली म्हणायचे, काही चिडवायला, काही खरंच. दोन हजार चौदा साली क्लास बंद पडला, कारण पोरांच्या हातात फोन आले. मालक जुनी मशीनं भंगारात देत होता. ही म्हणाली, “त्यातलं एक मला द्या, खेळ आहे तेवढं.” मी तेव्हा टेम्पोवर चिकूच्या पेट्या भरायचो. त्याच टेम्पोत, पेट्यांच्या मधे, ते धूड घरी आणलं. टेम्पोवाला म्हणाला, “काका, सून आणली की काय? एवढी गादी घातलीय खाली.”

खेळ म्हणजे कोडं होतं. पडद्यावर वरून पाहिलेली एक खोली. आत एक गडी आणि काही पेट्या. गड्याने पेट्या ढकलत ढकलत ठरलेल्या खुणांवर नेऊन ठेवायच्या. ढकलता येतं, ओढता येत नाही. पेटी कोपऱ्यात गेली की मेली, पहिल्यापासून सुरू करा. मी जन्मभर हेच काम केलं आणि ही घरी बसून हौसेने तेच करायची! मी म्हणायचो, “घरात एक हमाल पुरे नव्हता?” ती मान न वळवता म्हणायची, “तुमच्या पेट्या दुसऱ्याच्या असतात. ह्या माझ्या आहेत.”

खेळातल्या खोल्या संपल्यावर ती स्वतःच्या बांधू लागली. जाळीच्या चिन्हाने भिंती, टिंबाने खुणा, असं टाइप करत जायचं. नावं दिली आपल्या गावांची. सरावली, सूत्रकार, कासा. एस आणि चांदणी टाकली की सरावली नि सूत्रकार पडद्यावर एकाखाली एक यायची, तेव्हा म्हणायची, “बघा, एका हाकेत दोन गावं आली.” विवळवेढ्याचं नाव मात्र त्या मशीनमध्ये पुरं बसेना, आठच अक्षरं घेत होतं. “देवीच्या गावाचं शेपूट तोडायला लावतो मेला,” म्हणून मशीनला शिव्या घातल्या, आणि त्या वर्षी जत्रेत जाऊन नारळ जास्तीचा फोडला.

सगळ्यांत लाडकी खोली कैनाडची. ते तिचं माहेर. आणि तीच तिच्या हाताने गेली. काही अर्धवट खोल्या पुसायच्या होत्या, त्यांची नावं के वरून होती. चुलीवर भात होता, घाई होती, एकेक नाव कोण लिहिणार? पुसायचा हुकूम लिहिला, के लिहिला, पुढे चांदणी टाकली. सगळंच पुसायला सांगितलं तर मशीन एकदा विचारतं, खरंच का. अशी पाठीमागून चांदणी लावली तर विचारतसुद्धा नाही. कासा गेलं, कैनाड गेलं. भात लागला. त्या दिवशी आम्ही करपलेला भात खाल्ला.

कासा तिने आठवून परत बांधलं. कैनाड काही मनासारखं जमेना. मग एका सकाळी शिवणाची टेप पिशवीत टाकून निघाली माहेरी, मीही सोबत. भाऊ शेतावर होता. ही पडवीत टेप धरून वाकली, तशी वहिनी आतून धावत आली.

“वन्सं, टेप कशाला? इतक्या वर्षांनी वाटणी काढायची का?”

“वाटणी नको गं. गोठ्याच्या कोपऱ्यात फट होती ती कुठे गेली?”

“कोणती फट?”

“पडवीची भिंत नि गोठ्याची भिंत, कोपऱ्याला कोपरा टेकायचा तिथली. मी तिरकी होऊन निसटायचे. आई काठी घेऊन पुढच्या दारात उभी, नि मी शाळेत.”

“ती? ती बुजवली. साप यायचे. आणि टेप आधी गुंडाळा, हे आले तर माझ्यावर ओरडतील.”

हिने टेप गुंडाळली. म्हणाली, “तुमच्या घरात बुजवा. माझ्यात उघडी राहील.” संध्याकाळपर्यंत गावात झालंच होतं की बहीण हिस्सा मागायला आली. मेव्हण्याने पुढचा महिनाभर फोन उचलला नाही. तिने पर्वा केली नाही.

आता त्या फटीचं ऐका, कारण पुढचं भांडण तिच्यावरूनच झालं. त्या खेळात एक गंमत होती. दोन भिंतींचे कोपरे टेकतात तिथे दोन बाणांची बटणं एकदम दाबली की गडी तिरका निसटून पलीकडे जायचा. खेळ करणाऱ्याच्या हातून ती चूक राहिली होती म्हणे. हिला ती सापडली आणि तिने कैनाडची खोली परत बांधली ती तिच्यावरच. पुढच्या दाराशी पेटी अडवून ठेवलेली. बाहेर पडायचं तर कोपऱ्यातूनच.

आमचा मुलगा प्रकाश वापीला नोकरीला. सतरा साली त्याने लॅपटॉप आणला. त्यात त्याच खेळाचं नवं व्हर्जन, रंगीत, एक पाऊल मागे घ्यायचं बटण असलेलं. आईच्या खोल्या चांदणी लावून एका झटक्यात त्यात नेल्या. पोराने हौसेने केलं, मी नाही म्हणत नाही. तिने चष्मा लावला, कैनाड उघडलं, कोपऱ्यापर्यंत गेली आणि बटणं दाबली. गडी हलला नाही. परत दाबली. नाही.

“प्रकाश, हा बाहेर निघत नाही.”

“आई, जुन्यात ती चूक होती. आता दुरुस्त केलीय.”

“कोणाला विचारून?”

प्रकाश हसला. ती हसली नाही. लॅपटॉप मिटून त्याच्या मांडीवर ठेवला. “तुझ्या व्हर्जनमध्ये मला कोंडून ठेवलंस,” म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

पुढच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. प्रकाशने वापीला चल म्हणून पाय धरले. ती उपचाराला जायची आणि परत यायची, राहायची नाही. प्रकाश तिला समजवायचा, “आई, ते जुनं मशीन किती टिकणार? ते मेलं की तुझ्या खोल्या गेल्या. मी फक्त एक भिंत एक घर, म्हणजे एक चौकोन, सरकवतो. नव्यात सुटेल, कायम राहील.” पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. मशीन उन्हाळ्यात घोंगावायचं, कधी दुसऱ्या दणक्याला चालू व्हायचं. मीही म्हटलं, “सरकवू दे की. एक घर तर आहे.”

ती उशीला टेकून बसली होती, अंगात काही उरलं नव्हतं. माझ्याकडे असं बघितलं की मी खाटेवरून उठलो. “माझ्या बापाने बांधलेली भिंत हा सरकवणार? आणि तुम्ही हो म्हणणार? खोली बंद पडली तर पडू दे. पण निघायची वाट मी काढलेलीच राहील.”

ती गेली. लोक आले, बसले. एक जण म्हणाला, “काका, सगळ्यांनाच जायचंय एक दिवस.” मी म्हटलं, सगळ्यांचं मला सांगू नको, उठ आणि घरी जा. गेला बिचारा. वाईट वाटलं असेल त्याला. वाटू दे.

तेराव्यानंतर प्रकाशने परत विषय काढला. आता आई नाही, भिंत सरकवू, मशीन देऊन टाकू, जागा मोकळी होईल. मी सांगितलं, भिंत हलणार नाही आणि मशीनही हलणार नाही. जागा कमी पडत असेल तर माझी खाट बाहेर टाक. तो रागाने वापीला गेला. मी स्टुलावर बसलो. इंग्रजी मला येत नाही, पण बटणं तोंडओळखीची होती, इतकी वर्षं तिच्या खांद्यावरून बघितलेली. मशीन चालू केलं. कितीदा चुकलो त्याला हिशोब नाही.

तिने आजूबाजूची गावं बांधली, पण आमचं हे तलासरीचं घर काही बांधलं नव्हतं. ते मी बांधलं. भिंती वाकड्या झाल्या. स्वयंपाकघर मोठं झालं, खरं तर एवढंसं आहे. एक पेटी मुळात हलतच नव्हती, ती काढून दुसरीकडे ठेवली. मागच्या बाजूला दोन भिंतींचे कोपरे एकमेकांना टेकवले, आणि बाहेर पडायची वाट तिथूनच ठेवली.

दिवाळीला प्रकाश आला. त्याने वाकून पडद्यावरची खोली कोपऱ्याकोपऱ्याने बघितली.

“बाबा, हे नव्या व्हर्जनमध्ये कधीच सुटणार नाही.”

“माहीत आहे. म्हणूनच केलंय.”

त्याने पाटावरचा फराळ तसाच ठेवला, स्टूल ओढलं आणि बसला. थोडा वेळ पेट्या ढकलल्या, अडकला. म्हणाला, “वाट कुठून आहे ते दाखवा ना.”

मी म्हटलं, शोध.