गणितबाई पगार मागतात

गणितबाई वर्गात शिरल्या तशा मुली उभ्या राहिल्या आणि सवयीप्रमाणे एका सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, सिस्टर!" मग सगळ्यांनी एकदम जीभ चावली.

"सिस्टर नाही, बाई," त्या म्हणाल्या. "बसा. प्रमेय कुठवर आलं होतं?"

मुलींचा तरी काय दोष? कालपरवापर्यंत याच बाई पायघोळ पांढऱ्या झग्यात याच फळ्यापुढे उभ्या असायच्या आणि सगळी शाळा त्यांना गणित सिस्टर म्हणायची. शाळेमागच्या छोट्या मठात तीन सिस्टर राहायच्या. दोघी पिकल्या पानासारख्या, तिसऱ्या या. मग सिस्टरांच्या संघानं हा मठ बंद करायचं ठरवलं, शाळा चर्चच्या फादरांच्या हाती सोपवली आणि तिघींना मोठ्या मठात बोलावून घेतलं. तिथं भाजीचा मळा होता. गणित सिस्टरांनी त्यावर देखरेख करावी आणि जरा विसावा घ्यावा, असं वरून कळवण्यात आलं.

आता ज्या बाईला स्वप्नातही समीकरणं दिसतात, तिला मळ्यात नेऊन बसवायचं म्हणजे काय! त्यांनी राहू द्या म्हणून विनंती केली, पुन्हा केली. उत्तर एकच, आज्ञापालन. त्या रडल्या, प्रार्थनेला बसल्या, परत रडल्या. शेवटी कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्यांनी व्रतातून मुक्त करण्याचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. "मठ सोडला, देव सोडला नाही," असं त्या म्हणायच्या, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? रविवारी चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, त्या दाराजवळच्या बाकावर बसू लागल्या आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडू लागल्या.

राहायला गेल्या धाकट्या बहिणीकडे. बहीण शिवणकाम करायची, पुढच्या खोलीत यंत्र आणि जिभेवर धार. ताईचं मठातलं वळण बघून ती हसून हसून बेजार व्हायची. ताई जेवताना चकार शब्द काढायची नाही. बाहेर जायचं तर दारात उभी राहून विचारायची, "मी जरा जाऊन येऊ का?"

"अगं, विचारतेस कुणाला?" धाकटी म्हणायची. "केस पांढरे झाले तुझे! जा की."

पुढचं जे घडलं ते याच वळणामुळे. शाळा आता फादर चालवत होते. त्यांनी गणितबाईंना बोलावून अदबीनं विचारलं, "बाई, इथून पुढे तुम्ही शिकवणार. तर तुमची अपेक्षा काय?"

मठात वर्षातून एकदा थोरल्या सिस्टर प्रत्येकीला विचारायच्या, काय हवंय? आणि जिचं जे झिजलं असेल ते तिनं सांगायचं. कुणाला चष्मा, कुणाला चादर. गणितबाईंनी खाली पायाकडे पाहिलं आणि मोकळेपणानं सांगितलं, "बूट हवेत फादर. टाचा गेल्यात."

फादरांना गहिवरून आलं. बूट तर द्यायचेच, वर हातखर्चाला थोडं काही, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. गणितबाईही खूश. एवढी शिकलेली बाई, पण पगार हा शब्द त्यांच्या डोक्यात आला नाही तो नाहीच.

तो आणला विज्ञानबाईंनी. या वयानं लहान, पदरात लहान मूल, सकाळी शाळा आणि संध्याकाळी शिकवण्या. मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि उभ्यानंच बोलल्या.

"बाई, रागावू नका, पण विचारते. तुम्ही फादरांकडे बूट मागितलेत?"

"हो. का गं?"

"मी गेले होते पगाराचं विचारायला. बाकीच्या शाळांत मिळतो तेवढा द्या म्हटलं. फादर म्हणाले, 'गणितबाईंकडे बघा. केवढा अनुभव, आणि मागितलं काय, तर बूट!' आता माझ्या पोराला मी बुटातून दूध पाजू का?" त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज खाली आला नाही. "तुम्ही चांगल्या आहात हो. पण तुमच्या चांगुलपणाचा भुर्दंड मी भरतेय."

गणितबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. आजवर कितीतरी शिक्षिका या शाळेत आल्या आणि टिकल्या नाहीत. प्रत्येक वेळी मठात म्हटलं जायचं, हिचं मन नव्हतं शाळेत. गणितबाईही मान डोलवायच्या. मन होतं हो, पण घरभाडंही होतं! चूक सापडली की पाटी पुसून पुन्हा मांडायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या तशाच उठून फादरांच्या खोलीत गेल्या.

"फादर, बूट नकोत. पगार हवा."

फादर गळक्या छताच्या दुरुस्तीच्या हिशेबात डोकं घालून बसले होते. ते गडबडले. "सिस्टर... म्हणजे बाई, अहो, तुम्ही तर सेवा म्हणून..."

"केली सेवा, मनापासून केली. पण शाळा स्वस्तात चालत नव्हती, फादर. आम्ही स्वस्तात राहत होतो. तुम्ही दोन्हीची गल्लत करताय, आणि मीही तेच केलं."

"आणू कुठून? फी वाढवली तर निम्म्या मुली घरी बसतील. बिशपांच्या कार्यालयात जाऊन आलो. ते म्हणतात, शाळा तुमच्या चर्चची, तुम्हीच बघा."

"मग चर्चमध्ये लोकांना सांगितलंत?"

फादरांनी नजर पुन्हा छताच्या हिशेबाकडे वळवली. माणूस वाईट नव्हता, भिडस्त होता. सिस्टरांची शाळा देवाच्या कृपेवर चालते, अशी लोकांची समजूत होती आणि वेदीसमोर उभं राहून पैशाचं बोलायला फादरांची जीभ रेटत नव्हती.

"आणि नाहीच जमलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी शिकवणार नाही. दुसरं कुणी घ्या, पण पूर्ण पगारावर घ्या."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ज्या वर्गासाठी मठ सोडला, तो वर्गच त्यांनी पणाला लावला होता.

फादरांनी चष्मा पुसला. "मग रविवारी तुम्हीच सांगा लोकांना," ते म्हणाले. गणितबाई लोकांची नजर चुकवून बसतात, हे त्यांना दिसत होतं. ही बाई काही पुढे येत नाही, असा त्यांचा होरा होता.

"सांगते," गणितबाई म्हणाल्या.

घरी धाकटीनं यंत्र थांबवलं. "ताई, निम्मे लोक तुला बघून कुजबुजतात. कच्चं खातील तुला."

"खाऊ देत."

"मग मीही येते. कुणी फार बोललं तर माझ्याकडे कात्री आहे."

रविवारी प्रवचन झाल्यावर गणितबाई उठल्या आणि सगळ्यांच्या देखत पुढे चालत गेल्या. माईकपुढे उभं राहून त्यांनी वर्गात सांगतात तसं सरळ सांगितलं, की शाळेत आता सिस्टर नाहीत, शिक्षिका आहेत, त्यांना घरं आहेत, आणि त्यांचे पगार या बाकांवर बसलेल्यांनीच उभे करायला हवेत.

पुढच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर उठले. मिस्सा न चुकवणारे आणि दुसऱ्याची चूक न सोडणारे. "देवाला दिलेला शब्द मोडलात," ते म्हणाले, "आणि आता त्याच्याच घरात उभं राहून पगार मागताय. लाज नाही वाटत?"

मागे धाकटी अर्धी उठली होती.

"वाटते," गणितबाई म्हणाल्या. "आत्ताही वाटतेय. तरी मागते आहे. विज्ञानबाईंचा आणि माझा, दोघींचा. नाही म्हणालात तर उद्यापासून मुलींना गणित कोण शिकवणार, ते तुम्ही ठरवा."

त्या माईकपाशीच उभ्या राहिल्या. फादर खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "माझ्यानं झालं नाही. मिस्सा संपली की सगळ्यांनी चर्चच्या हॉलमध्ये या. पगार कसा द्यायचा, ते आजच ठरवू."

हॉलमध्ये सगळ्यात आधी पोस्टमास्तर जाऊन बसले, खोट काढायला का होईना. भांडणं झाली, खुर्च्या सरकल्या, कुणी रुसून निघाले आणि दारातून परत आले. दुपार कलली, पण ठरलं. घरटी वर्गणी आणि हॉल लग्नकार्यांना देऊन येणारं भाडं मिळून दोघींना पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार. विज्ञानबाई गणितबाईंचा हात धरून बसल्या होत्या.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "ताई, आवाज केवढा कापत होता तुझा."

"पहिल्यांदाच मागितलं ना," गणितबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी नाही कापणार."