लोडरची गळती

मला लहानपणापासून वस्तू उघडून बघायची खोड. लग्न होऊन बंगळूरला आले आणि पहिल्याच महिन्यात सासरचा पंपाचा स्टोव्ह सुटा करून बसले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. तो पुन्हा भक्कन पेटला तेव्हा मात्र त्यांनीच शेजारणींना बोलावून दाखवला. त्यामुळे काही वर्षांनी अंगणात लोडर आला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

लोडर म्हणजे एक जुना, लहानसा ट्रॅक्टर आणि त्याच्यापुढे माती उचलायचं लोखंडी सूप. माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो, त्यांनी तो एका खाणवाल्याकडून घेतला होता. त्याचा ड्रायव्हर पन्नाशीचा, कानडी बोलणारा. आधी आमचीच बैलगाडी हाकायचा. सूप उचलायचं काम तेल करायचं. पंप तेल दाबतो, ते दोन बाजूंच्या दोन नळकांड्यांत शिरतं, आतून चकचकीत दांडा बाहेर सरकतो आणि सूप वर जातं. दांड्याभोवतीचं रबरी सील तेलाला आत अडवून धरतं. स्टोव्हच्या पंपातला चामडी वायसर हवा धरतो तसंच. हे कळलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

पण हे सील टिकेना. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत डाव्या दांड्यावरून तेल ओघळू लागलं, आणि भरलेलं सूप आपोआप खाली बसू लागलं. आदल्या वर्षीही असंच झालं होतं. अण्णा म्हणाले, "ह्याच्या तेलाच्या डब्यात वाळू असणार. दोनदा झालं. आता दुसरा ड्रायव्हर बघतो."

ड्रायव्हर तिथंच उभा होता. "नानु एनू माडिल्ला," एवढंच तो पुटपुटला. मी काही केलेलं नाही, असं. बैलगाडीच्या काळापासूनचा माणूस, ह्या वयात कुणाच्या दारात जाणार? मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त प्रश्न पडला होता: वाळू तेलात असेल तर दोन्हीकडची सीलं जायला हवीत, दोन्ही वर्षी डावंच का?

रविवारी सकाळी अण्णांनी, माझ्या यजमानांनी आणि ड्रायव्हरनं सूप जमिनीवर टेकवून डावं नळकांडं सोडवलं. मी घरातली जुनी परात दिली. तीत रॉकेल ओतून ते सुटे भाग धूत होते. नवं सील कलासीपाळ्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून आलंच होतं. जुनं मी उचललं. त्याची कड आतून फाटली होती आणि फटीत लाल कण रुतले होते.

"गंज," यजमान म्हणाले.

गंज असा लाल नसतो. मी कण नखानं काढले, साबणानं धुतले, बशीत ठेवले आणि वर लिंबू पिळलं. कुंकू हळदीचं असतं, आंबट लागलं की पिवळं पडतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. कण पिवळे झाले.

बशी घेऊन मी अंगणात अक्षरशः धावले. अर्ध्या वाटेत पाय थबकले. खंडेनवमीला लोडरची पूजा मीच करायची. ड्रायव्हर सूप उंच उचलून खाली ओंडके लावायचा, आणि ते चकचकीत दांडे मला फार आवडायचे, म्हणून कुंकवाची बोटं तिथंच ओढायची. डावीकडे आधी, चांगलं जाड; उजवीकडे उरलंसुरलं, नुसतं टोकाला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यात डिंकही कालवायची! अक्कल माझीच. वाळलेली खरखरीत खपली प्रत्येक वेळी सीलमधून आतबाहेर जात होती.

"अण्णा, ह्याचा काही दोष नाही," मी म्हटलं. "माझं कुंकू आहे ते." आणि बशी पुढे केली.

अण्णांनी बशी पाहिली, मग ड्रायव्हरकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

तो मोडक्या मराठीत म्हणाला, "होतं, अण्णा. पहिल्या दिवशीच खरखर ऐकली. पण घरच्या सुनेनं लावलेलं कुंकू मी पुसू? तिचे यजमान समोर असताना? आणि तुमाला सांगू तरी कसं?"

मला दोन वर्षं न दिसलेलं त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं, आणि तरी तो मुकाट्यानं जायला निघाला होता. माझ्या शोधाचा सगळा तोरा उतरला. इतकी लाज मला पुढे कधी वाटली नाही.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "तू कुठं जात नाहीस." मग त्यांनी उजव्या दांड्याकडे बोट दाखवलं. त्याच्या टोकाला कुंकू अजून घट्ट होतं, आणि ते पुसायला तिघांपैकी एकाचाही हात पुढे होईना. दारात उभ्या राहून बघणाऱ्या सासूबाई आत निघून गेल्या. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि यजमानांच्या देखत कुंकू पुसू लागले. माझं पुसून होईपर्यंत ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा होता.