भोंगाबाईंचं मोजमाप

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुलांनी ‘भोंगाबाई’ हे नाव कधी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, पण नाव चुकलं असं कुणी म्हणणार नाही. बाई वरच्या मजल्यावर पाढे म्हणायला लागल्या की तळमजल्यावर, माझ्या चित्रकलेच्या वर्गात, मुलं ब्रश थांबवून पुढचा आकडा पुटपुटायची. बाईंना हे नाव ठाऊक होतं. “ठेवू दे की,” म्हणायच्या. “ऐकू येतंय म्हणूनच ठेवलं ना?”

अंगाने काटक, चाल अशी की व्हरांड्यातली मुलं आपोआप भिंतीला चिकटायची. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण एखादं पोर गणितात मागे पडलं की मधल्या सुट्टीत त्याला शेजारी बसवून, त्याचा आणि आपला डबा एकत्र उघडून, घास चावता चावता शिकवायच्या.

शिक्षण खात्याने शिक्षक नेतृत्वाचा कार्यक्रम काढला तेव्हा हेडसरांनी डोळे मिटून बाईंचं नाव दिलं. कल्पना साधी होती. प्रत्येक शाळेतला एक शिक्षक निवडायचा, त्याला प्रशिक्षण द्यायचं, आणि मग त्याने सहकाऱ्यांना हाताशी धरून सगळ्या शाळेचं शिकवणं सुधारायचं.

बाई प्रशिक्षणाहून आल्या त्या पेटूनच. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची बैठक सुरू झाली. बैठक म्हणजे बाई बोलणार आणि आम्ही ऐकणार. शिवाय त्या आमच्या वर्गांत मागे येऊन बसायच्या. बसायच्या म्हणजे टेकायच्या. लगेच उठून, “सरका हो जरा, मी दाखवते,” म्हणत खडू हातात घ्यायच्या. दाखवायच्याही फक्कड. आम्ही माना डोलवायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या जुन्या वाटेला लागायचो.

वर्षाच्या मध्याला मोजणाऱ्या बाई आल्या. कार्यक्रमाचा खरोखर काही उपयोग होतो का, हे तपासायचं काम एका बाहेरच्या संस्थेला दिलं होतं, आणि तिथून या आल्या होत्या. तरुण, बोलायला मऊ, मुद्द्याला पक्क्या. वर्षाच्या सुरुवातीला एकदा येऊन त्यांनी आमच्या मुलांची चाचणी घेतली होती, तशीच कार्यक्रम नसलेल्या आसपासच्या शाळांमध्येही. आता दुसऱ्यांदा घेतली. मग आम्हा प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारलं, “शिकवताना अडलं तर तुम्ही कुणाकडे जाता?”

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिक्षकांच्या खोलीत एक मोठा कागद उलगडला. आम्ही सगळे म्हणजे कागदावरचे ठिपके. प्रत्येक ठिपक्यातून एक बाण निघालेला, आणि सगळे बाण मधल्या एकाच ठिपक्यात घुसलेले.

“सूर्य काढलाय की काय?” मी म्हणालो.

भोंगाबाईंची छाती फुगली. “बघा! सगळे माझ्याकडेच येतात.”

“हो,” मोजणाऱ्या बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही नसाल त्या दिवशी?”

त्या हळूच पुढे म्हणाल्या, “तुमच्या वर्गातली मुलं खूप पुढे गेलीत. बाकीच्या वर्गांतली मात्र कार्यक्रम नसलेल्या शाळांइतकीच आहेत. बाई, तुम्ही उत्तम शिकवता, पण ते आधीपासूनच. मला मोजायचंय ते वेगळं. ज्या वर्गात तुम्ही उभ्या नसता, तिथे काय बदललं?”

बाईंचा चेहरा उतरला. घरी जाऊन त्यांनी नवऱ्यापुढे सगळं ओकलं. त्यांचं चष्म्याचं दुकान, माणूस शांत. “इतके दिवस घसा फोडला,” बाई म्हणाल्या, “आणि हातात काय? भोपळा!”

“मग आता फोडू नकोस,” काच पुसत ते म्हणाले. “चिरकायला लागलाय आवाज तुझा.”

बाईंनी ऐकलं ते उलटंच. आठवड्याला दोन बैठका झाल्या, आवाज आणखी चढला. आणि एका शुक्रवारी, वाक्याच्या ऐन मध्यावर, आवाज गेला. ओठ हलतायत आणि ऐकू काहीच येत नाही. आधी आम्हाला वाटलं, आपलेच कान गेले.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. साध्याच, पण औषध एकच: दीड महिना पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. ही बातमी ऐकून सासूबाई म्हणाल्या, “शांतता मागत होते मी, पण एवढी नव्हती मागितली!” आणि सुनेसाठी गरम पाणी ठेवायला उठल्या.

हेडसरांनी रजा घ्यायला सांगितलं. बाईंनी पाटीवर ‘नाही’ लिहून खाली दोनदा रेघ ओढली. शेवटी त्यांचे तास हेडसरांनी घेतले आणि बाई इतरांच्या वर्गांत मागच्या बाकावर बसायला लागल्या. आता खडू मागायची सोय नव्हती.

शुक्रवार आला. आम्ही गोल करून बसलो, पाटी मांडीवर घेऊन बाईही बसल्या. पंख्याची घरघर ऐकत सगळे एकमेकांच्या चपला न्याहाळत होते. मग पाचवीच्या नवीन बाई, त्याच वर्षी लागलेल्या, कशाबशा म्हणाल्या, “मी एक विचारू? हसू नका हं. माझी अर्धीअधिक मुलं म्हणतात, एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा. का, तर चार हे तीनपेक्षा मोठे. आणि खरं सांगू? यापुढे काय करायचं ते मलाच कळत नाही. अपूर्णांक आले की मी तो धडा पुढेच ढकलत राहते.”

सगळ्यांनी सवयीने भोंगाबाईंकडे पाहिलं. त्या ताडकन उठल्या होत्या, तोंडही उघडलं होतं. मग हात गळ्याकडे गेला आणि त्या खाली बसल्या.

तेवढ्यात पीटीचे सर, जे बैठकीला डुलकी काढायलाच यायचे, म्हणाले, “मैदानावर बरं कळतं त्यांना! पाण्याची एक बाटली तिघांत द्या की चौघांत द्या, घोट कुणाचा मोठा? चौथा आला की भांडतात लेकाचे.”

हशा पिकला. मी म्हणालो, “माझ्या तासाला कागदाच्या घड्या घालतात, त्यातही दिसेल.” नवीन बाई पुढे सरकल्या. “म्हणजे आधी बाटली, मग घड्या, आणि आकडे शेवटी?” सातवीच्या सरांना ते पटेना. वाद जुंपला, आणि शिपाईमामांनी किल्ल्या खुळखुळवल्या तेव्हाच आम्ही उठलो.

पुढच्या आठवड्यात नवीन बाईंनी तो तास घेतला. पीटीचे सर मदतीला, आम्ही दोघं-तिघं मागे. निम्मा तास फसला. पाणी सांडलं, दोन पोरं त्यावर घसरली. पण कुठे फसला हे शुक्रवारी त्या स्वतःच सांगायला लागल्या. मग इतरांची भीड चेपली. जो तो आपल्या वर्गातली चुकलेली उत्तरं घेऊन यायला लागला, जणू बाजारातली नवी खरेदी दाखवतोय.

एकदा माझ्या शेजारी बसून बाईंनी पाटीवर लिहिलं: ‘मी प्रश्न विचारायचे, पण उत्तरासाठी कधी थांबलेच नाही. मुलांसाठी नाही, आणि तुमच्यासाठीही नाही.’ मी काही बोलायच्या आत त्यांनी ते तळहाताने पुसून टाकलं.

मौन सुटल्यावर घरातलं पहिलं वाक्य होतं, “अहो, चहात साखर विसरलात.” शाळेत मात्र आम्ही धास्तावलेलो. आता जुनं सगळं परत! बाई आल्या, गोलात बसल्या आणि बेताच्या आवाजात म्हणाल्या, “दशांश चिन्हापाशी माझी मुलं अडतायत. मीच कुठेतरी चुकतेय. कुणी येऊन बघाल का?”

नवीन बाईंनी हात वर केला. “मी येते.”

वर्षाखेरीला सगळ्या शाळांना एका सभागृहात बोलावलं. मोजणाऱ्या बाईंनी पडद्यावर निकाल दाखवला. आमचे सगळे वर्ग कार्यक्रम नसलेल्या शाळांच्या बरेच पुढे होते, आणि सगळ्यांत मोठी उडी पाचवीची. बाणांचं चित्रही नव्याने काढलं होतं. या वेळी मांजराने लोकरीचा गुंडा विस्कटावा तसे बाण चहूकडे, आणि भोंगाबाईंचा ठिपका शोधावा लागत होता. बाई खुर्चीत ताठ बसून तो गुंता पाहत होत्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

“एका वर्षावरून सगळं सिद्ध होत नाही,” मोजणाऱ्या बाई म्हणाल्या, “पण जिथे शिक्षकांनी एकमेकांना आपापल्या वर्गांची दारं उघडली, तिथेच मुलं पुढे गेली. हे जवळजवळ प्रत्येक शाळेत दिसलं.”

मागून एका साहेबांनी आमच्या शाळेच्या रांगेला विचारलं, “मग तुमच्या शाळेत नेता नक्की कोण?”

नवीन बाई उभ्या राहिल्या. “शुक्रवारी ना? ज्याचं अडलंय तो.”

टाळ्यांनी छत दणाणलं. कार्यक्रम सगळ्या शाळांत न्यायचं तिथेच ठरलं, आणि नव्या शिक्षकांना तयार करायला भोंगाबाईंना मागून घेतलं. त्यांनी एकच अट घातली: पीटीचे सर सोबत हवेत.

परतीच्या बसमध्ये दशांश चिन्ह आधी शिकवावं की अपूर्णांक, यावरून आमची अशी काही जुंपली की ड्रायव्हरने आरशातून दटावलं, “अहो, जरा हळू!” बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, “बोलू द्या हो त्यांना. फार दिवसांनी बोलायला लागलेत.”