हाडांच्या दवाखान्याचा कट्टा

गल्लीत त्यांना सगळे काटेकाका म्हणतात. हे नाव स्वभावावरून पडलेलं नाही, असं ते स्वतः सांगतात. त्यांची ताई मात्र या विषयावर गप्प बसते. बसच्या कारखान्यात सीटांवर रेक्झिन चढवण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा मागच्या अंगणात त्यांनी फड्या निवडुंग लावला. कडाक्याच्या थंडीत तो सुरकुततो, जमिनीवर लोळण घेतो, संपलाच असं वाटतं. थंडी सरली की पुन्हा मान वर. खत नाही, लाड नाहीत, कुरकुर नाही. असा भिडू काकांना आयुष्यात दुसरा भेटला नाही.

अंगण भरल्यावर ते वाटत सुटले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक फताडं पान आणि सोबत दमदाटी: "कापलेली बाजू आधी सावलीत वाळू द्या. लगेच मातीत खुपसलंत तर कुजेल. आणि रोज पाणी घालायची हौस असेल तर गुलाब आणा." लोकांची हौस काही सुटत नसे. कुजलेलं पान घेऊन ते दारात उभे राहत. काका मनसोक्त तोंडसुख घेत आणि दुसरं पान कापून देत.

पुढच्या चौकातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आपणहून फोन केला, तेव्हा काका हरखले. "दवाखान्यापुढे ठेवायचंय. चांगलं काटेरी बघून द्या," डॉक्टर म्हणाले होते. काकांनी रुजलेली, लांब काट्यांची रोपं निवडून पसरट कुंड्यांत बसवली आणि हातगाडीवरून पोचवली. कुठे ठेवणार, हे विचारायचं त्यांना सुचलंही नाही.

ते कळलं ताईमुळे. तिचे गुडघे कामातून गेलेले. एके दिवशी दवाखान्यातून आली ती दारातच भिंतीला टेकली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डॉक्टर नंतर. आधी तुझ्या झाडांनी काय केलं ते ऐक. आत खुर्च्या चार आणि माणसं ढीगभर. बाहेर कट्टा होता, त्यावर बसायचो. आता तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझा निवडुंग. सगळी सकाळ उभी होते मी. एक पोरगी प्लॅस्टर घातलेला पाय उचलून बकासारखी उभी होती."

"शोभेला ठेवली असतील गं."

"शोभेला? पहारेकरी म्हणाला, लोक बसू नयेत म्हणून ठेवलीत. गर्दी दिसली की दवाखाना बरा दिसत नाही म्हणे. आणि हा शहाणा फुकटात पोचवून आला!"

काका जेवले नाहीत. दुसऱ्याने काही केलं असतं तर चार शिव्या हासडून ते मोकळे झाले असते. पण काटे त्यांनी निवडून दिले होते. माणसं नीट बसावीत म्हणून ज्याने जन्मभर सुया टोचून घेतल्या, त्याच्या हातून हे करवून घेतलं होतं, तेही गोड बोलून.

सकाळी ते जाड हातमोजे घालून दवाखान्यापुढे हजर झाले. भिंतीला टेकून, काठीवर रेलून माणसं उभी होती. काकांनी पहिली कुंडी उचलली. पहारेकरी धावत आला.

"काका, ते साहेबांचं आहे!"

"साहेबांचंच आहे. मी कुठे घरी नेतोय?"

फाटकाच्या आत डॉक्टरांच्या गाडीसाठी पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली जागा होती. तिथे काकांनी एकेक कुंडी नेऊन ठेवली, चांगली ऐसपैस. कट्ट्याचं टोक मोकळं झालं तशी एक म्हातारी पदराने धूळ झटकून बसली. मग तिच्या शेजारी दुसरी. हातमोज्यांतून बारीक कुसं शिरून काकांची मनगटं लाल झाली होती. त्याचाही राग आलाच.

शेवटची कुंडी ठेवली आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजला. डॉक्टरांनी काच खाली केली.

"हा काय प्रकार आहे? तुम्हीच दिलीत ना ही झाडं?"

"दिली. झाडं म्हणून दिली. गुडघे दुखणाऱ्यांना उभं करायला पोलीस म्हणून नाही दिली."

"लोक इथे दिवसभर अड्डा करतात, तुम्हाला कल्पना नाही."

"अड्डा करायला तुमच्याकडे कोण येतं हो? लंगडत येतात ती माणसं! बसायला बाक टाका, नाहीतर पाटी लावा, इथे पाय धड असलेल्यांनीच यावं."

कट्ट्यावरून कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी काकांशी बोलणं सोडून पहारेकऱ्याला फर्मावलं, "या कुंड्या होत्या तिथे ठेव."

पहारेकऱ्याने कुंड्यांकडे पाहिलं, मग कट्ट्याकडे. तो आता टोकापासून टोकापर्यंत भरला होता आणि कोणीही उठायची चिन्हं नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "यांना उठायला तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

डॉक्टरांची गाडी हॉर्न न वाजवता मागे गेली आणि रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहिली.