सीत्स्केची घरफोडी

नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या ओस्टरवीर गावात लेकीचा, सीत्स्केचा, विषय निघाला, की डाऊवे वियार्डा "ती विजेच्या कंपनीत असते" एवढंच सांगून कॉफी ओतायला लागत. खरं तर त्यांना लाज वाटे. विजेच्या मोटारींचे चार्जर बाजारात येण्याआधी सीत्स्केच्या हवाली होत, आणि ती लांबून, संगणकावरून, त्यांत शिरून दाखवत असे. तिला सापडलेली भोकं बुजवली की मगच माल बाहेर पडे. जन्मभर गाई राखलेल्या आणि दाराला कधी कडी न घातलेल्या माणसाला ही नोकरी पचत नव्हती.

पानगळीच्या दिवसांत गावाच्या सहकारी संस्थेने सभागृहासमोर चार्जरांची रांग उभी केली. संस्थेच्या अध्यक्ष हिल्क्येबाई डाऊवेंच्या शेजारीण. त्यांनी सीत्स्केला तपासायला बोलावलं. समोरची कॉफी निवायच्या आत पोरगी आत शिरली. सगळ्या चार्जरांना कारखान्यातून आलेला एकच पासवर्ड होता, कुणी तो बदललाच नव्हता.

"शिरलीस तर शिरलीस. आमची वीज चोरून कोण श्रीमंत होणार आहे?" हिल्क्येबाई म्हणाल्या.

सीत्स्केने समजावलं, की प्रश्न चोरीचा नाही. सगळ्या गाड्यांचं चार्जिंग कुणी एका झटक्यात चालू-बंद केलं तर गावाची डीपी बसेल, आणि हेच गावोगाव झालं तर अख्खा प्रांत अंधारात जाईल. बाईंना पटेना. म्हणाल्या, दाखव करून. सीत्स्केने बटण दाबलं. दिवे गेले. समोरच्या सलूनमधून पाद्रीबुवा अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेत चौकशीला बाहेर आले.

मग मात्र काम झपाट्याने झालं. प्रत्येक चार्जरला वेगळा पासवर्ड मिळाला. हुकूम कुणाचाही असो, सगळ्यांनी एकदम सुरू व्हायचं नाही, एकामागून एक व्हायचं, असं ठरलं. शिवाय उभ्या गाड्यांतली वीज उलटी सभागृहाला देता येईल अशी जोडणी झाली.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी परीक्षा होती. जत्रेला यावं तसं गाव लोटलं. बँड वाजत होता. डाऊवे विजेच्या कढईत मनुका घातलेले गोड गोळे तळत होते. सीत्स्के कोपऱ्यात बसून हल्ल्यावर हल्ले करत होती, आणि चार्जर ढिम्म हलत नव्हते. शेवटी ठरल्याप्रमाणे तिने सभागृहाची बाहेरची वीजच तोडली. दिवे एकदा मिचकले आणि पुन्हा लागले. बाहेरच्या गाड्यांनी भार उचलला होता. ट्रम्पेटवाल्याला तर पत्ताही लागला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा त्याला वाटलं, आपल्यालाच.

डाऊवे गरम गोळ्यांची बशी घेऊन लेकीजवळ आले.

"म्हणजे तू जिंकलीस का हरलीस गं?"

"हरले, बाबा. सपशेल."

"मग इतकी खूश का?"

"हरायलाच तर आले होते."

डाऊवे हसता हसता खुर्चीत बसले. कढईतले गोळे करपले, ते हिल्क्येबाईंनी काढले.

तेवढ्यात पलीकडच्या गावचे अध्यक्ष टोपी हातात घेऊन पुढे आले. आमच्याकडेही मुलीला एकदा पाठवा म्हणाले.

"पाठवतो की," डाऊवे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "फक्त रविवारी नको. रविवारी ती माझ्याकडे जेवते."