डांबरावर चुना

“पागल झाली का वं? नवीन टिनाले चुना फासतं का कोणी? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या.”

“घालू द्या. अंदर पोरगी भाजून राह्यली, ते पहा पहिले.”

रोहणा गावची तानाबाई नवऱ्याला असं उलटून कधी बोलत नसे. छप्पन्न सालच्या वैशाखातली गोष्ट. आता तिच्या आळीत स्लॅबची घरं झालीत. तेव्हा सारी कवेलूंची, म्हणजे कौलांची. वानरं दरसाल कवेलू फोडत, म्हणून तिच्या नवऱ्यानं, कवडूनं, माघात टिनं टाकली. गंजू नयेत म्हणून वर हौसेनं डांबर फासलं. असं काळंभोर छप्पर गावात दुसरं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बोटानं दाखवी.

त्याच छपराखाली गोपिका, त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला आली. बाळंतिणीनं बारा दिवस खोलीबाहेर पाय ठेवायचा नाही, ही रीत. ती मोडायची छाती तानाबाईचीही नव्हती. बाळंतपणानंतर पाचव्या दुपारी पोर थानाला लागेना. अंग तव्यासारखं, रडणंही मंदावलेलं.

तानाबाईला भर उन्हात अनवाणी चढलेली गिरडची टेकडी आठवली. काळ्या गोट्यांवर तळपाय भाजलेले, आणि चुना दिलेल्या पांढऱ्या ओट्यावर आल्यावर कुठं जीव थाऱ्यावर आलेला. तिनं ते सांगितलं, तर कवडू म्हणाला, ऊन देवाचं, त्याले रंग काय करते.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच ती काष्टा खोचून शिडी चढली. दिवाळीचा उरलेला चुना, त्यात बाभळीचा डिंक. कवडू खाली पाठ फिरवून बसला. शेजारची कौशल्याबाई हसत म्हणाली, “लगन हाये का वं छपराचं?”

“हाये ना. अहेर घेऊन येजो.”

ऊन तापायच्या आत, पूर्वेची एक पट्टी सोडून, सारं छप्पर पांढरं झालं.

दुपारी कवडू खोलीच्या दारात आला. काल वरून भट्टीसारखी झळ उतरत होती. आज गरमी होती, पण माणसाला सोसेल एवढी. पोर चुटुचुटु दूध पीत होतं. तो अंगणात मागं सरला आणि छपराकडं पाहू लागला.

“ते पट्टी काऊन सोडली वं?”

“तिथवर हात नाई पुरला माह्या.”

“चुना उरला का?”

“बादलीत हाये. सांजेले चढजा.”

एवढं बोलून तिनं टोपलं उचललं. उद्याच्या बाजाराची वांगी अजून तोडायची होती.