दाराआडचा माणूस

दसऱ्याच्या दरबाराला मी शिंदेशाही पगडी उलटी घालून गेलो. मागची बाजू पुढे. पहिलाच दरबार, कोरी पगडी. डोकं आत गेलं आणि अक्कल बाहेर राहिली. देवडीवर आमच्या कचेरीतले नाना म्हणाले, "वाह, क्या बात है! आज अगदी सरदार दिसताय!" मी फुगलो. तेवढ्यात शनवारकाकांनी बाही धरून मला खांबाआड नेलं. "बाबू, उलटी आहे. फिरवा."

मी फिरवली नाही. खांबाआडून बाहेर येऊन, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणालो, "आमच्या पगड्यांतलं तुम्हाला काय कळणार, काका?" काका शिंदेशाही पगडी तीस वर्षं घालत होते. आत दरबारात माझं काय झालं ते सांगत नाही. नाना सर्वांत मोठ्यानं हसले, एवढं पुरे.

काका कचेरीत नकाशे काढत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की दौत बंद; शनिवारी लेखणीला हात नाही की चुलीत विस्तव नाही. म्हणून ते शनवारकाका. बुडालेलं काम रविवारी रिकाम्या कचेरीत एकटे बसून पुरं करायचे. कुणाची चूक दिसली की त्याला दाराआड न्यायचे, दोन वाक्यांत सांगायचे आणि पुन्हा त्याचं नाव काढायचे नाहीत. त्या दाराआड माझ्याइतका कोणी उभा राहिला नसेल.

माफी मागायला मी मुद्दाम रविवारी गेलो. काकांनी नकाशावरून मान वर केली नाही.

"कोणी नाही म्हणून आलात ना?"

मी त्यांच्या दौतीचं झाकण नीट करू लागलो.

"आमचे आजे सांगत, चूक दाराआड सांगतो तो दोस्त. चारचौघांत सांगतो तो दुश्मन. आणि चूक दिसत असून वाहवा करतो, त्याच्यापासून देव राखो."

"आणि माफी, काका?"

"माफी जिथं बोललात तिथं. चारचौघांत." मग डबा उघडून त्यांनी निम्मं घावन माझ्यापुढे सरकवलं. मी ते खाल्लंसुद्धा.

उद्या बोलू, सोमवारी बोलू, असं करता करता तीन दसरे गेले. कचेरीत रोज चारचौघं असत. नसायचा तो मीच. माणूस थकतो तो कामानं नव्हे, अशा एका न बोललेल्या वाक्यानं थकतो.

काका नोकरी संपवून कोकणात निघाले, तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. सगळी कचेरी समोर होती. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. मी उभा राहिलो आणि काकांच्या रेषेची, स्वभावाची, निष्ठेची तारीफ केली. टाळ्या पडल्या. काका खाली बघत ऐकत होते.

नंतर मी आपणहून दाराआड जाऊन उभा राहिलो. बराच वेळ. काका आले नाहीत.

घरी ते भाषण बायकोला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"छान," ती म्हणाली. "नानांना याहून चांगलं जमलं नसतं."